दोन विमानतळांमधले अंतर नक्की किती? तुम्ही विचारलंत म्हणून

‘दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर एकदा नीट सांगा, दर ठिकाणी आकडा वेगळा कसा?’ असे नातेवाईक आणि माजी विद्यार्थी मला सतत विचारतात. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळच्या रेषेने, म्हणजे बृहद्‌वृत्तावरून मोजले, तर ते सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर आहे. हा चपटेपणा हिशेबात धरला की आकडा थोडा सरकतो, पण अर्ध्या टक्क्याहून अधिक नाही. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर मात्र मी कधीही मान्य करणार नाही.

माझी मामेबहीण दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानाने प्रथम निघाली, त्याआधी मी मामांना पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला होता. तो दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला, सायबेरियावरून ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे जाऊन मग अमेरिकेकडे उतरत होता. मामांनी तो मार्ग मनात पक्का धरला. त्या रात्री नातवाने फोनवर विमानाचा थेट नकाशा लावून दिला आणि विमान पूर्वेला जाताना दिसले. मामांचा मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता : ‘‘अरे, तू उत्तरेला म्हणाला होतास. हे भलतीकडे चाललंय. काय झालंय ते खरं सांग.’’ मी त्यांना समजावले, की एअर इंडियाने २०१६ मध्ये ही उड्डाणे पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. तो मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, अटलांटिकवरच्या मार्गाहूनही १,४०० किलोमीटरने लांब आहे, तरीही उंचावरून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो. शिवाय तिबेटच्या पठारावर, केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पुरेसे खाली येता येत नाही, म्हणून तो प्रदेश शक्यतो टाळतात. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मग तुझ्या त्या बारा हजारांवरून जातं कोण?’’

त्यांनी अंतर विचारले होते, मार्ग विचारला नव्हता, असे मी आजही म्हणतो. वारा रोज बदलतो, एखाद्या देशाचे आकाश बंद होते. तेवढ्याने दोन गावे एकमेकांपासून लांब जात नाहीत. इतकी वर्षे वर्गात मी हेच ठामपणे शिकवले आणि त्यात खोडण्यासारखे मला आजही काही सापडत नाही. तरीही ज्याचे माणूस त्या विमानात बसले आहे त्याच्या हाती, कोणतेही विमान ज्यावरून जात नाही अशा रेषेचा आकडा द्यावा का, या प्रश्नावर माझे स्वतःशीच भांडण होते. म्हणून हल्ली मी दोन्ही आकडे देतो, आणि विचारणारा दोन्हींवर नाराज होतो. मामा तर आता फक्त ‘किती तास?’ एवढेच विचारतात. मी तास सांगतो, पण त्याला अंतर म्हणायला अजून तयार नाही.