दोन मिलिमीटरचे भोक

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या टूल रूममध्ये, म्हणजे प्रेसची टूल बनवण्या-दुरुस्त करण्याच्या विभागात, पंच (प्रेसच्या ठोक्याने पत्र्यात भोक पाडणारा पोलादी दांडा) तुटणे ही बातमी नसते. पण एकाच डायमधला (पंच ज्या साच्यात उतरतो तो) तोच पंच वारंवार तुटू लागला की पहिले बोट पोलाद तापवून कडक करणाऱ्या हार्डनिंगवाल्याकडे वळते. त्या दिवशीही तसेच झाले. ३ मिमी जाडीच्या हॉट रोल्ड पत्र्याचा ब्रॅकेट, त्यात २ मिमी व्यासाचे एक भोक, आणि डी-२ या टूल-पोलादाचा पंच पुन्हा मुळापासून तुटलेला. ग्राहकाकडून आलेल्या क्वालिटीच्या साहेबांनी कडकपणा तपासायला लावला, तो ५९ एचआरसी (कडकपणाचे रॉकवेल माप) भरला, म्हणजे हवा तेवढाच होता. पंचाच्या बारीक भागाची लांबी आम्ही शक्य तितकी कमी ठेवली होती, वरचा भाग जाड केला होता, टोकाला स्ट्रिपर प्लेटमध्ये (पंचावरून पत्रा सोडवणाऱ्या पट्टीत) नेमका आधार दिला होता आणि क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डाय यांच्यातली फट, प्रत्येक बाजूला जाडीच्या ८ टक्के ठेवला होता. याहून अधिक चांगला पंच मला तरी करता आला नसता.

प्रेसवरचे नाना सगळे ऐकून एवढेच म्हणाले, “साहेब, पंच स्टीलमुळं तुटत नाही, भोकामुळं तुटतोय.” नानांना वर्षानुवर्षे प्रेसचा आवाज ऐकून जे कळते, ते मी जॉब कार्डाच्या मागे मांडून दाखवले. पत्र्याची कातरण्याची ताकद प्रति चौरस मिलिमीटर ३५० न्यूटन धरली, तर भोकाचा घेर आणि जाडी यांच्या गुणाकाराने सुमारे ६,६०० न्यूटन जोर लागतो आणि तो अवघ्या ३.१४ चौरस मिलिमीटरच्या पंचावर येतो. म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर २,१०० न्यूटन. प्रत्येक ठोक्याला इतका दाब सोसायला डी-२ पोलादाकडे शिल्लक अशी ताकद फारशी उरतच नाही. भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नये, हा नियम याच हिशेबातून आला आहे.

दुपारी आम्ही साताऱ्याला ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर गेलो, कारण त्या भोकाचे काम काय, हे बैठकीतल्या कोणालाच सांगता आले नव्हते. तिथल्या मुलीने ब्रॅकेट उचलला, भोकातून सीलची बारीक तार ओवली, पीळ दिला आणि पुढचा हातात घेतला. भोकाचे काम एवढेच होते. मग ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्त्या काढल्या. मूळ ब्रॅकेट १.६ मिमी पत्र्याचा होता आणि त्या जाडीला २ मिमीचे भोक अगदी योग्य होते. पुढे मजबुतीसाठी जाडी वाढवली गेली, भाराचे गणित नव्याने झाले, पण भोकाकडे कोणी पाहिले नाही. मूळ डिझाइन करणाऱ्याला मी दोष देणार नाही. बदलावर सही करणाऱ्यांना मात्र देतो, कारण त्यांच्यापैकी कोणी प्रेसजवळ उभे राहिल्याची खूण त्या कागदावर नव्हती.

भोक ४ मिमीचे झाले. पंचावरचा ताण निम्म्यावर आला, तारेला काही फरक पडला नाही, आणि तेव्हापासून तो पंच फक्त धार लावण्यासाठीच बाहेर निघतो.

त्याच ब्रॅकेटमध्ये एक चौकोनी खिडकी आहे आणि तिचे चारही कोपरे ड्रॉइंगमध्ये काटकोनी आहेत. त्या खिडकीला कोणताही भाग टेकत नाही, हेही मी त्याच दिवशी लाइनवर पाहिले. ती खिडकी पाडणाऱ्या पंचाचे कोपरे सर्वांत आधी झिजतात, तिथे पत्र्याला बर (कडेला उरणारी खरबरीत धार) येते, आणि सरळ कडा अजून धारदार असताना केवळ चार कोपऱ्यांसाठी अख्ख्या पंचाचे तोंड ग्राइंड करावे लागते. दर वेळी टूलचे आयुष्य तेवढे कमी होते. शिवाय डायला तडा जातो तोही कोपऱ्यातूनच. जाडीच्या निम्मी, म्हणजे १.५ मिमीची गोलाई मी लेखी मागितली. “पंच तुटत तर नाही ना?” एवढेच उत्तर आले. जे तुटते ते सर्वांना दिसते, जे झिजते त्याचा खर्च टूल रूमच्या खात्यात मुरतो. ब्रॅकेटच्या पुढच्या ऑर्डरच्या कोटेशनमध्ये मी त्या चार कोपऱ्यांचा ग्राइंडिंगचा खर्च वेगळ्या ओळीत लिहिला आहे.