तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेंटनंतर सीआरपी वाढला, म्हणजे हृदयाला इजा झाली का?

अँजिओप्लास्टी करून स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घातल्यावर पेशंटचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. हातात रिपोर्ट असतो, त्यावर सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) १७ मिग्रॅ प्रति लिटर आणि शेजारी ठळक अक्षरात 'हाय'. अशा वेळी आकड्याआधी रक्त कधी काढलं ते बघा.

सीआरपी मुख्यतः यकृतात तयार होतो. फुगा फुगवून स्टेंट दाबून बसवला की धमनीचं आतलं अस्तर खरचटतं आणि साचलेला चरबीचा थर चिरतो. तिथून इंटरल्यूकिन-६ या सूज कळवणाऱ्या प्रथिनाचा निरोप यकृताला जातो, सहा-आठ तासांत सीआरपी चढायला लागतो आणि ४८ तासांच्या आसपास सगळ्यात वर असतो. नवीन तयार होणं थांबलं की दर १९ तासांनी निम्मा होत उतरतो. तेव्हा दुसऱ्या दिवशीचे १७ हे बहुतेकदा या खरचटण्याचं उत्तर असतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की नाही, ते त्यावरून कळत नाही.

ते ट्रोपोनिन सांगतो, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार आधी नॉर्मल असलेला ट्रोपोनिन अँजिओप्लास्टीनंतर नॉर्मलच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेला तर ती 'इजा'. ४८ तासांत मर्यादेच्या पाचपटीहून वर गेला, आणि सोबत ईसीजी, इको किंवा अँजिओग्राफीत रक्तपुरवठा तुटल्याची नवी खूण दिसली, तरच त्याला हार्ट अटॅक म्हणायचं. नुसती थोडी वाढ पुष्कळ पेशंटमध्ये दिसते. स्टेंटच्या दाबाने बाजूची बारीक फांदी बंद होते, किंवा थराचा चुरा वाहत जाऊन पुढच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतो. अटॅक आला म्हणूनच स्टेंट घातला असेल तर ट्रोपोनिन आधीपासूनच वाढलेला असतो. मग प्रोसिजरच्या आधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावणं फार अवघड.

सीआरपीचा खरा उपयोग प्रोसिजरच्या आधी. ज्यांचा तो आधीच वाढलेला असतो, त्यांच्यात पुढचा त्रास जास्त दिसतो, कारण सुजलेला थर मऊ आणि ठिसूळ असतो. पण आकडा खाली आणला की इजा टळते, असं मात्र नाही. २०२० च्या कोल्चिसिन-पीसीआय (पीसीआय म्हणजे अँजिओप्लास्टी) अभ्यासात प्रोसिजरच्या थोडं आधी १.८ मिग्रॅ कोल्चिसिन हे सूज कमी करणारं औषध दिलं. सीआरपीची वाढ कमी झाली, हृदयाची इजा मात्र तेवढीच राहिली. उलट २००४ मध्ये इटलीतल्या १५३ पेशंटच्या छोट्या अभ्यासात प्रोसिजरआधी सात दिवस अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० मिग्रॅ (कोलेस्टेरॉल कमी करणारं एक स्टॅटिन) घेणाऱ्यांत प्रोसिजरशी निगडित अटॅक १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. म्हणून ठरवून करायच्या अँजिओप्लास्टीआधी स्टॅटिनचा एकही डोस चुकवू नका, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

रिपोर्ट वाचताना सगळ्यात जास्त घोळ एककांचा होतो. काही लॅब सीआरपी मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही प्रति लिटरमध्ये. पहिल्यातले १.७ म्हणजे दुसऱ्यातले १७. ट्रोपोनिनमध्ये तर फरक हजारपटीचा: ०.०३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ३० नॅनोग्रॅम प्रति लिटर. ट्रोपोनिनच्या आय आणि टी या दोन प्रकारांचे आकडेही एकमेकांशी ताडू नका. प्रोसिजरच्या आधीची आणि नंतरची तपासणी एकाच लॅबमध्ये करा.

पुढचा धोका जोखायचा असेल तर दीड-दोन महिने जाऊ द्या आणि एचएस-सीआरपी (सीआरपीची जास्त बारकाईची तपासणी) करा. ताप, हिरड्यांची सूज, लघवीचं इन्फेक्शन असताना नको. पावसाळ्यात डेंग्यू-चिकुनगुनियातून उठल्या उठल्याही नको. १० मिग्रॅ प्रति लिटरच्या वर आला तर इन्फेक्शन शोधा आणि दोन आठवड्यांनी परत करा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आटोक्यात असूनही एचएस-सीआरपी २ च्या वरच राहिला तर तंबाखू, मिश्री, वजन, शुगर आणि हिरड्या याकडे नेटाने लक्ष द्या. कोल्चिसिन ०.५ मिग्रॅचा निर्णय डॉक्टरांवर सोडा: २०१९ च्या कोलकॉट अभ्यासात फायदा दिसला, २०२४ च्या क्लिअर अभ्यासात दिसला नाही. किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते घातक ठरू शकतं.

छातीत दडपण आलं, घाम फुटला तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता थेट ईसीजीला जा. अ‍ॅस्पिरिन आणि सोबतची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर ही रक्त पातळ ठेवणारी औषधं मनाने थांबवू नका. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सीआरपी उतरायचा सोडून पुन्हा चढला, अंगात कसर वाटू लागली, तर आधी सलाइनची सुई टोचली होती तो हात आणि मनगटावरची किंवा जांघेतली, जिथून अँजिओप्लास्टी केली ती जागा उजेडात बघा: लाल, गरम, दुखरी असेल तर त्याच दिवशी दाखवा.