सात वेळा ‘गेट’

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला, मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. इथे सात नंबरची लोकल रूझवेल्ट अव्हेन्यूच्या डोक्यावरून धडधडत जाते. खाली कोलंबियन बेकऱ्या, एक्वादोरच्या खानावळी आणि टाको विकणाऱ्या गाड्या आहेत. चौऱ्याहत्तराव्या रस्त्याला वळलं की एकदम साड्या, सोनं आणि कढीपत्ता. वर्गातली बहुतेक मंडळी स्पॅनिश बोलणारी. कुणी स्वयंपाकघरात भांडी घासतं, कुणी इमारतींवर रंग मारतं. माझी स्पॅनिशही थोडीफार पुस्तकातली, बाकी सगळी यांच्याकडूनच उचललेली.

त्या दिवशी एक्वादोरच्या एक बाई वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन बसल्या होत्या. मॅनहॅटनमध्ये रात्री ऑफिसं साफ करायचं काम त्या करतात. मुकादमाचा निरोप त्यांनी फोनवरून वहीत उतरवून आणला होता, आणि एक शब्द जिथे जिथे आला तिथे तिथे लाल पेनानं गोल केला होता. निरोप असा: ‘गेट टू वर्क बाय सिक्स. गेट द कीज फ्रॉम द फ्रंट डेस्क. डोन्ट गेट द कार्पेट वेट. इफ यू गेट डन अर्ली, यू गेट टू लीव्ह. इफ यू गेट स्टक, गेट मी.’

सात गोल. (देवनागरीत फाटकाचं गेट आणि हे गेट सारखंच दिसतं, त्याला इलाज नाही.)

अर्थ लागत नाही अशी त्यांची तक्रार नव्हती. फोननं भाषांतर चोख करून दिलं होतं, तेही वहीत होतं. सहाला पोच, तिथे ‘येगार’. किल्ल्या घे, तिथे ‘रेकोहेर’. कार्पेट भिजवू नकोस, ‘मोहार’. मग संपवणं, जाता येणं, अडकणं, कळवणं. सात ठिकाणी सात वेगळी क्रियापदं. आणि शब्दकोशात ‘गेट’समोर पहिला अर्थ दिलेला असतो तो ‘ओब्तेनेर’, म्हणजे मिळवणं. तो या सातांत एकदाही नाही. बाई म्हणाल्या, “माएस्त्रा, स्पॅनिशमध्ये आल्यावर हा शब्द जातो कुठे?”

ठरवलेला धडा मी बाजूला ठेवला. निरोप फळ्यावर लिहिला आणि सातही ‘गेट’ पुसून टाकले. सांगितलं, त्याच्याकडे बघूच नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. पुढे वस्तू असली, किल्ल्यांसारखी, तर घेणं, आणणं, मिळणं, विकत आणणं यांपैकी काहीतरी. पुढे जागा असली तर पोचणं. पुढे अवस्था असली, ओलं, दमलेलं, अडकलेलं, तर तसं होणं. यावर एका डॉमिनिकन काकांनी हात वर केला. ते एका गोदामात आहेत. त्यांचा मुकादम सकाळी टाळ्या वाजवत ओरडतो, ‘गेट टू वर्क!’ काका म्हणाले, “मी मनात म्हणतो, अरे बाबा, पोचलोय की मी, तुझ्यासमोरच उभा आहे!” आता ‘वर्क’ ही जागाही असते आणि करायची गोष्टही, त्यामुळे तेच तीन शब्द एकदा ‘कामावर पोच’ होतात आणि एकदा ‘कामाला लाग’. काकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

कार्पेटचं वाक्य मात्र माझ्या या वाटणीत बसेना. तिथे वस्तूही आहे आणि अवस्थाही. मी समजावायला तोंड उघडणार, तोच एक्वादोरच्या बाईंनी वहीच्या कडेला दोन शब्द लिहिले: मोहार, मोहार्से. भिजवणं आणि भिजणं. मग त्यांचा पेन थांबेना. कान्सार्से, दमणं, ‘गेट टायर्ड’. कासार्से, लग्न होणं, ‘गेट मॅरीड’. पेर्देर्से, वाट चुकणं, ‘गेट लॉस्ट’. लेवान्तार्से, उठणं, ‘गेट अप’. बेस्तीर्से, कपडे घालणं, ‘गेट ड्रेस्ड’. वही माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, “तो जात नाही कुठेच. आमच्या या शेपटीत लपतो.”

इतकी वर्षं शिकवतेय, पण ही गोष्ट इतक्या स्वच्छ कुणी मांडलेली मी ऐकली नव्हती. स्पॅनिश क्रियापदाच्या शेवटाला ‘से’ लागला की पुष्कळदा ती क्रिया करणाऱ्यावरच उलटते, त्याची अवस्था बदलते. इंग्रजीत क्रियापदाला अशी शेपटी नाही, म्हणून ते काम ‘गेट’ करतं. आपल्याकडे हा फरक क्रियापदाच्या पोटातच असतो: भिजणं-भिजवणं, पडणं-पाडणं, अडकणं-अडकवणं. मला मराठीतून हे कधीचं दिसायला हवं होतं, पण रोजच्या वापरातलं दिसतं कुठे!

मग सगळा वर्गच बोलत सुटला. कोलंबियाची एक मुलगी म्हणाली, बसचं ‘गेट’ म्हणजे सरळ ‘कोहेर’, कोहेर एल बुस. झालं! मेक्सिकोची दोन पोरं माना खाली घालून खुदखुदायला लागली. कोलंबियात आणि स्पेनमध्ये हा शब्द घेणं, पकडणं यासाठी सर्रास चालतो. मेक्सिकोत तो चारचौघांत काढायचा नसतो. का, ते विचारू नका. तिकडे बससाठी ‘तोमार’ म्हणायचं. एका शब्दाला इतके अर्थ कसे, म्हणून इंग्रजीला नावं ठेवणारी मंडळी आपल्याच शब्दावरून पाच मिनिटं भांडत होती.

“आणि माएस्त्रा, तुमच्या भाषेत?” मी फळ्यावर रोमन लिपीत ‘लागणे’ लिहिलं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, डोळा लागतो, निकाल लागतो, वाट लागते. तो माझा मामा लागतो. स्वारगेटला बस लागली म्हणजे फलाटावर येऊन उभी राहिली; मला बस लागते म्हणजे पिशवी हाताशी ठेवा. डॉमिनिकन काका गंभीरपणे म्हणाले, मग आम्ही इंग्रजीच शिकतो.

गंमत अशी की इंग्रजीतले भारदस्त शब्द या लोकांना मुळीच जड जात नाहीत. ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’, ‘कॉम्प्रिहेन्ड’ हे लॅटिनच्या घरचे, म्हणजे स्पॅनिशचे चुलत भाऊच. अडतं ते ‘गेट’सारख्या इवल्याशा शब्दांपाशी. तो मुळात व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला, स्पॅनिशशी ओळखपाळख नाही. त्यामुळे ही माणसं कारखान्यात, स्वयंपाकघरात वकिलासारखी बोलतात. याच काकांनी एकदा साहेबाला सांगितलं होतं, ‘आय टर्मिनेट ॲट फोर.’ स्पॅनिशमध्ये ‘तेर्मिनार’ म्हणजे संपवणं, यांना म्हणायचं होतं की चारला माझं काम संपतं. नोकरीच्या इंग्रजीत ‘टर्मिनेट’ म्हणजे कामावरून काढणं. साहेबानं विचारलं म्हणे, कुणाला? शाळेत आमच्याही बाई निबंधातला ‘गॉट’ खोडून वर ‘रिसीव्ह्ड’ लिहायच्या. इथे त्या सवयीनं काम अडतं.

शेवटी राहिला पाचवा गोल: ‘यू गेट टू लीव्ह’. ‘टू लीव्ह’ ही वस्तू नाही, जागा नाही, अवस्थाही नाही. फोननं ‘जाऊ शकतेस’ असं दिलं होतं. ते चूक नाही, पण त्यातली सवलत निघून गेली. इथे मराठी मला अगदी ऐनवेळी कामी आली. आपण म्हणतो, ‘लवकर जायला मिळेल.’ पगार मिळतो तसंच जायलाही मिळतं. इंग्रजीही त्याच वाटेनं गेली आहे. स्पॅनिशमध्ये मी ‘ते देहान सालीर’ केलं, तुला जाऊ देतील. मग शेजारी ‘हॅव टू’ मांडलं, करावं लागणं, आणि प्रत्येकाला दोन्ही घालून एक वाक्य करायला सांगितलं. मेक्सिकोचा एक पोरगा, मघाशी खुदखुदणाऱ्यांतलाच, म्हणाला, “आय हॅव टू वर्क संडे. आय डोन्ट गेट टू सी माय डॉटर.” व्याकरण सोळा आणे बरोबर होतं.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, मग ‘गॉट टू’? मी कपाळाला हात लावला. तिथे गाडी नेमकी उलट्या रुळावर जाते. ‘आय गॉट टू गो’ म्हणजे बोलण्यात बहुतेकदा मला जावंच लागेल. पण गेल्या वर्षीच्या सहलीबद्दल कुणी म्हणालं, तर मला जायला मिळालं. मी दोन्ही लिहायला घेतले, तर दारात रखवालदार उभा. आठ वाजून गेले होते. दिव्याच्या बटणावर हात ठेवून तो म्हणाला, “फोक्स, यू गॉट टू गो.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तेनेमोस के, ओ पोदेमोस?” जावं लागेल, की जायला मिळतंय?

“तेनेमोस के,” मी म्हटलं आणि खडू डब्यात टाकला.