टाकीवरचे ओरखडे मी दोन्ही अर्थांनी काढले

‘ओरखडा काढला’ याचे मराठीत दोन अर्थ होतात. गेल्या दिवाळीत मी आधी एक अर्थ पार पाडला आणि मग दुसऱ्यासाठी दोन दिवस घालवले.

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी माशांची तीन फुटी ॲक्रिलिकची टाकी आहे. साफसफाईच्या झपाट्यात मी भांड्यांची हिरवी घासणी घेऊन तिची पुढची बाजू बाहेरून घासली. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग गेले म्हणून खूश होतो. संध्याकाळी टाकीतला दिवा लावला आणि पोटात गोळा आला. अख्ख्या पुढच्या बाजूला कोळ्याचं जाळं पसरलं होतं आणि मधोमध वीतभर लांबीची, नखाला लागणारी एक रेघ. घासणीत वाळूचा कण अडकला असणार.

काचेवर वाळूचा ओरखडा एवढ्या सहज उठत नाही, ॲक्रिलिक मऊ. पण मऊ आहे म्हणूनच ते घरी घासून परत गुळगुळीतही करता येतं.

आधी टूथपेस्ट लावून पाहिली. जाळं जरा पुसट झालं, रेघ होती तशीच. शेवटी द्वारकेजवळ गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या ओळखीच्या काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, “नखाला लागतंय ना? मग नुसत्या पॉलिशनं नाही जायचं. वॉटर पेपर मार. आणि रेघेपुरतंच घासत बसू नकोस, खड्डा पडेल.”

वॉटर पेपर म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा सँडपेपर; नंबर जेवढा मोठा तेवढा तो बारीक. रविवार कारंज्यावरून ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे पेपर आणले, सोबत प्लास्टिकसाठीचं पॉलिश. काम बाहेरच्या बाजूचं, त्यामुळे पाणी आणि मासे होते तिथेच राहिले. झाकणाच्या फटी तेवढ्या प्लास्टिकने बंद केल्या.

पेपर पाण्यात भिजवून, जुन्या स्लिपरच्या तुकड्याला गुंडाळून ६०० नंबर आडवा चालवला. पाच मिनिटांत तो भाग ताकासारखा पांढरा. आत मासे नुसते सावल्यांसारखे दिसायला लागले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, “आता पडदाच शिवून टाकू.” खरं सांगतो, तेव्हा माझाही धीर सुटला होता.

पुढचा १००० नंबर उभा चालवायचा. आडव्या रेघा एकूण एक जाऊन फक्त उभ्या उरल्या की मगच १५०० घ्यायचा, तो पुन्हा आडवा. दर पेपरला बादलीतलं पाणी बदलायचं, कारण ६०० चा एक कण राहिला तरी पुढची मेहनत पाण्यात. हे सगळं काकांनी सांगितलं होतं. तरी मी १००० वर घाई केली. रात्री पॉलिश करून मोबाईलचा टॉर्च तिरका धरला, तर चकचकीत ॲक्रिलिकच्या आत ६०० च्या आडव्या रेघा केसासारख्या उमटलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत १००० पासून.

ड्रिलला बफ (पॉलिशची फिरती गादी) लावायचा मोह झाला होता. पण ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, एका जागी बफ थांबला तर वितळायचंच. म्हणून जुन्या बनियनच्या तुकड्याने हातानेच पॉलिश केलं. तिसऱ्या हाताला ती धुरकट बाजू हळूहळू उघडत गेली आणि एंजल मासा पलीकडून माझ्याकडे बघत होता.

आतल्या बाजूला चुंबकाच्या घासणीचे जुने चरे आहेत, त्यांना हात लावला नाही. पाणी बदलताना निम्मं काढलं की एक गंमत दिसते: पाण्याच्या वरचे चरे पांढरेशुभ्र, खालचे जवळजवळ गायब. पाणी चऱ्यात भरतं. अपवर्तनांक म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचा आकडा; पाणी आणि ॲक्रिलिकच्या अपवर्तनांकात (१.३३ आणि १.४९) हवा आणि ॲक्रिलिकइतकी तफावत नाही, म्हणून प्रकाश तिथे फारसा विखुरत नाही. मग त्यासाठी सव्वाशे लिटर पाणी आणि मासे कशाला हलवायचे?

हिरवी घासणी आता टाकीच्या आसपास फिरकत नाही. डागांना पाण्यात थोडं व्हिनेगर आणि सुती फडकं. अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड आणि स्पिरिटही बंद, त्यांनी ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

रेघ होती तिथे मी जरा जास्तच घासलंय. आमच्या मुलीनेच ते पकडलं: मोली मासळी तिथून गेली की क्षणभर वाकडी होते आणि मग परत सरळ.