घरजावई आजोबा आणि कोरियातले यांगबान

आमचे आजोबा घरजावई. मूळचे राजापूरचे, पण आजी एकुलती एक म्हणून गुहागरला आले, सासऱ्यांचं आगर पन्नास वर्षं शिंपलं, तरी गावात शेवटपर्यंत 'जावईबुवा'च राहिले. म्हणून परवा कोरियातल्या यांगबान घराण्यांबद्दल वाचताना सारखे तेच आठवत होते.

यांगबान म्हणजे जोसन राजवटीतली सरकारी हुद्दे असलेली बडी घराणी. राजधानीत, म्हणजे आजच्या सेऊलमध्ये मान मोठा पण भरवसा काही नाही, १४९८, १५०४, १५१९, १५४५ अशी चारदा दरबारातल्या विद्वानांवर गदा आली, कुणाला मारलं कुणाला हद्दपार केलं. मग माणसं गावाकडे निघाली. पण कुठल्या गावाला? तर बऱ्याचदा बायकोच्या नाहीतर आईच्या! कारण जमीन तिकडे होती, १४८५ च्या कायद्यात मुलीला मुलाएवढाच वाटा होता, पितरांचं करणाऱ्याला तेवढा थोडा जास्त. पुरुषाने लग्न करण्याला कोरियनमध्ये आजही 'जांगा काडा' म्हणतात, त्याचा मूळ अर्थच सासऱ्याच्या घरी जाणं.

यांगदोंग गाव बघा ना. सोन सो लग्न करून तिथे सासुरवाडीला आला आणि तिथलाच झाला, मग त्याच्या मुलीशी लग्न करून यी बोन आला, आणि त्यांचा मुलगा यी ओनजोक, पुढे केवढा मोठा विद्वान, १४९१ मध्ये आजोळीच जन्मला. सोन आणि यी ही दोन घराणी अजून त्या गावात आहेत. जावयांनी वसवलेलं गाव, पण तिथे ते मूळपुरुष!

आन्दोंगच्या क्वोन घराण्याची १४७६ ची वंशावळ आहे, तिच्यात लेकींची मुलं-नातवंडंसुद्धा लिहिलीत, इतकी की बहुतेक नावं क्वोन नसलेल्यांचीच. आमच्या कुलवृत्तांतात आजीची एक ओळ आहे, माहेरच्या आडनावासकट, बस.

पुढे सतराव्या शतकापासून तिकडेही मुलींचा वाटा आटत गेला, थोरल्या मुलाचं राज्य आलं, सुना नवऱ्याच्या गावी जायला लागल्या.

आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा मी शेजारीच उभी होते. आगर आजीकडून आलेलं, म्हणजे लेकीच्याच वाटेने आलेलं, आणि लेकीनेच ते सोडलं. सही करून तिने पेनाचं टोपण लावलं आणि 'नारळ पाठवत जा गं' एवढंच म्हणाली.

गणपतीला आत्या येईल तेव्हा वही घेऊन बसणार आहे, आजीच्या आईपासून सगळी नावं लिहून काढायची, लेकींची आधी.