तुला पगार कोण देतंय, माय?

नोव्हेंबर २०१९. कळंब तालुक्यातलं, मांजरा नदीकाठचं एक गाव. त्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे पावसाने काढणीला आलेलं सोयाबीन झोडपून काढलं होतं. रचून ठेवलेल्या गंजींना कोंब फुटले होते. लोकांनी शेंगा अंगणात पसरल्या होत्या आणि गल्लीभर कुबट वास होता. मी टॅब घेऊन एका आजींच्या ओट्यावर बसले होते. सर्व्हेला गेलं की आधी संमतीचा मजकूर वाचायचा, समोरच्याने हो म्हटलं की मगच पहिला प्रश्न, हा नियम. तो मजकूर मला तोंडपाठ झाला होता: आम्ही एका स्वतंत्र व तटस्थ संस्थेतर्फे आलो आहोत, तुमची माहिती फक्त संशोधनासाठी वापरली जाईल...

आजींनी मला तिथेच थांबवलं. "तटस्थ म्हंजी?"

म्हटलं, "म्हणजे कुणाच्याच बाजूची नाही. सरकारच्या नाही, कंपनीच्या नाही, कुठल्या पक्षाच्याही नाही."

"मग तुला पगार कोण देतंय, माय?"

मी म्हणाले, "संस्था."

"आन् संस्थेला?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. लातूरच्या एका एजन्सीने मला नेमलं होतं, एजन्सीला काम पुण्याच्या कुणीतरी दिलं होतं, पुण्याला दिल्लीच्या संस्थेने. प्रत्येक फॉर्ममागे मला १२० रुपये मिळायचे, जाण्यायेण्याचं वेगळं. त्यापलीकडे मी कधी विचारलंच नव्हतं. "मोठी संस्था आहे आजी, धोरणावर अभ्यास करते," असं काहीतरी बोलून मी पुढच्या प्रश्नावर गेले. आजींनी सगळी उत्तरं दिली, चहाही दिला. पण तो प्रश्न मी तिथून उचलून घरी आणला.

मी बारा वर्षं सर्व्हेची कामं करते आहे. लातूर, धाराशिव, बीड, परभणीचा थोडा भाग. शौचालय, बचतगट, शाळागळती, पाणी, पीककर्ज, सगळ्यावर फॉर्म भरलेत. त्या कळंबच्या कामाचं सांगायचं कारण वेगळं आहे. ती पायलट फेरी होती, म्हणजे प्रश्नावली आधी थोड्या घरांत वापरून बघायची. तिच्यात ६४ प्रश्न होते. त्यातले सहा पीकविम्याच्या कंपनीच्या वागण्याबद्दल: नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत कळवलं का, फोन लागला का, पंचनाम्याला कुणी आलं का, आलं तर कितव्या दिवशी, पावती दिली का, नुकसानभरपाई नाकारली तर कारण लेखी दिलं का. लोक या सहा प्रश्नांवर भरभरून बोलायचे. एका घरात तर सगळं कुटुंब गोळा झालं आणि कुणी कुणी किती वेळा फोन लावला ते बोटांवर मोजून सांगायला लागलं.

जानेवारीत मुख्य फेरी सुरू झाली तेव्हा टॅबमध्ये ५८ प्रश्न होते. ते सहा नव्हते. मी सुपरवायझरना विचारलं. ते म्हणाले, फॉर्म लांबत होता, वरून छाटलाय. फॉर्म लांबला की माणसं कंटाळतात हे खरं आहे. पण दुधाळ जनावरांचे नऊ प्रश्न तसेच ठेवले होते.

दीड वर्षाने अहवाल आला. सुंदर छापलेला, मुखपृष्ठावर भेगाळलेलं रान. आत विम्यावर चार पानं होती आणि त्यांचा सूर असा की शेतकऱ्यांमध्ये जागरूकता कमी आहे, कंपन्यांनाही गावपातळीवर अडचणी आहेत, दोन्ही बाजूंनी समजून घेतलं पाहिजे. प्रस्तावनेत संस्थेने स्वतःला 'मध्यममार्गी' म्हटलं होतं. देणगीदारांबद्दल शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ: विविध दात्यांच्या सहकार्याने.

त्या विविध दात्यांतला एक मला पुढे सापडला, तोही उलट बाजूने. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला ठरावीक हिस्सा सामाजिक कामाला द्यावा लागतो. कंपनी कायद्याचं २०१३ सालचं ते कलम १३५. तो पैसा कुठे गेला याचा तक्ता तेव्हा कंपनीच्या वार्षिक अहवालात असायचा आणि त्यात काम करणाऱ्या संस्थेचं नाव लिहावं लागायचं. एका उद्योगसमूहाच्या तक्त्यात आमच्या संस्थेचं नाव होतं. त्याच समूहाची विमा कंपनीही आहे. नाव मी इथे लिहीत नाही. कुणी फोन करून ते सहा प्रश्न काढायला लावले असं माझं म्हणणं नाही, माझ्याकडे त्याचा काही पुरावा नाही. मला वाटतं, फोनची गरजच पडत नसावी. पुढच्या वर्षीचं अनुदान कुठून यायचंय हे प्रश्नावली छाटणाऱ्याला माहीत असतं. आजींना मात्र ते माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. माझा राग आहे तो यावर.

मागच्या वर्षी माझ्या लेकीने राज्यशास्त्राच्या एम.ए.साठी अमेरिकेतल्या 'थर्ड वे' या संस्थेवर निबंध लिहिला आणि महिनाभर जेवताना आमच्या घरी तोच विषय. २००५ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेली ही संस्था, डेमोक्रॅटिक पक्षाच्या मध्यावर उभं राहून धोरण मांडणारी. जोनाथन कोवन, मॅट बेनेट, जिम केसलर आणि नॅन्सी हेल हे संस्थापक. कोवन क्लिंटनच्या काळात गृहनिर्माण खात्यात होते, बेनेट क्लिंटनच्या व्हाइट हाउसमध्ये, केसलर सिनेटर चक शूमर यांच्याकडे. त्याआधी ही मंडळी बंदूक नियंत्रणावर 'अमेरिकन्स फॉर गन सेफ्टी' नावाची संघटना चालवत होती. तिच्यामागे पैसा होता तो नोकऱ्यांची 'मॉन्स्टर' वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख अँड्र्यू मॅकेल्वी यांचा. 'थर्ड वे'च्या विश्वस्त मंडळावर वॉल स्ट्रीटची, गुंतवणुकीच्या धंद्यातली माणसं बरीच आणि निधीचा मोठा भाग विश्वस्तांकडूनच येतो हे संस्था स्वतः सांगत आलेली.

डिसेंबर २०१३ मध्ये कोवन आणि केसलर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहिला. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांच्या वाटेने गेलात तर पक्ष खड्ड्यात जाईल, असा त्याचा रोख. वॉरन म्हणत होत्या म्हाताऱ्यांचं सोशल सिक्युरिटीचं पेन्शन वाढवा, लेख म्हणत होता परवडणार नाही. त्याच आठवड्यात वॉरन यांनी देशातल्या सहा सर्वांत मोठ्या बँकांच्या प्रमुखांना पत्र पाठवलं: तुम्ही कुठल्या अभ्याससंस्थांना किती पैसे देता ते जाहीर करा. लेक हे वाचून दाखवत होती आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. इतकी मोठी सिनेटर आणि कळंबच्या आजींचाच प्रश्न.

तिकडच्या करमुक्त संस्थांना दरवर्षी '९९०' नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात जमाखर्च सगळ्यांना बघता येतो, मोठ्या पदाधिकाऱ्यांचे पगारसुद्धा. धर्मादाय संस्थांच्या मोठ्या देणगीदारांची यादी सरकारकडे जाते, पण लोकांसमोर येताना त्यातली नावं झाकली जातात. म्हणजे साहेबाला किती पगार ते कळतं आणि तो पगार कुणाच्या खिशातून आला ते कळत नाही.

आपल्याकडे परदेशी पैशावर डोळा कडक आहे. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा बदलला, तेव्हापासून परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेत यावी लागते, एका संस्थेने दुसरीला ती द्यायची नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. दिल्लीचं सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च १९७३ पासूनचं, डावं-उजवं न करता अभ्यास करणारं म्हणून ओळखलं जाणारं. त्याचा परदेशी देणगी घेण्याचा परवाना फेब्रुवारी २०२३ मध्ये निलंबित झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द. परवाना गेल्यावर तिथल्या कितीतरी संशोधकांना बाहेर पडावं लागलं. मला हे पटलेलं नाही. पैसा कुणाचा हे कळावं असं मला मनापासून वाटतं, पण कळणं वेगळं आणि नळच बंद करणं वेगळं. शिवाय देशातल्या देशात दिलेल्या पैशाबद्दल अशी चौकशी कोण करतं? तो तक्ता मी तरी रात्री जागून शोधला.

बाहेरचा पैसा आला की अभ्यास विकला गेला, असं सरसकट म्हणणारे मला नेहमी भेटतात. त्यांना मी पुण्याची गोष्ट सांगते. गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतली गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली ती रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीवर. देणाऱ्याचं नाव कधी लपवलं नाही, आजही काळे व्याख्यानं होतात. याच संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो हाती घेतला होता फोर्ड फाउंडेशनच्या सांगण्यावरून. म्हणजे मूळ पैसा अमेरिकेतल्या मोटारींचा. आणि निष्कर्ष काय? खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली निम्म्याहून थोडी जास्त माणसं पोटभर खाऊ शकत नाहीत. उपाय काय? गरिबाच्या हाताला सार्वजनिक काम द्या. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. माझ्या आईने त्या दुष्काळात खडी फोडली, दुष्काळी कामांवर खायला वाटायचे त्या सुकडीचं नाव आमच्या घरात अजून निघतं. रोजगार हमीचं काम म्हणजे काय हे मला कुठल्याही अहवालाने शिकवायची गरज नाही.

हेच दांडेकर पुढे राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल तपासायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले. पैसे सरकारचे, समिती सरकारची आणि १९८४ च्या अहवालात त्यांनी लिहून दिलं की विकासाचा अनुशेष ३१८६ कोटींचा आहे आणि त्यातले जवळपास ७५१ कोटी मराठवाड्याचे. आमच्याकडे 'अनुशेष' हा शब्द पानटपरीवरसुद्धा चालतो तो तेव्हापासून. आकड्यांवर भांडणं झाली, पद्धतीवर झाली, अजून होतात. पण भांडता आलं, कारण कुठल्या क्षेत्राचा किती आणि कसा मोजला हे सगळं पानोपानी लिहिलेलं होतं.

त्या आजींचं शेत आणि शेजाऱ्याचं शेत यांच्यामध्ये एक धुरा, म्हणजे बांध, आहे. शेजारी दरवर्षी नांगरताना वीतभर कोरायचा. वीस वर्षांत धुरा सरकत सरकत आजींच्या बाभळीपर्यंत आला आणि शेजारी शपथेवर सांगायचा की धुरा मधोमधच आहे. शेवटी आजींच्या मुलाने मोजणी आणली. त्याने अर्ज केला, चलन भरलं, म्हणजे मोजणीचे पैसे एकाच बाजूचे. तरी शेजाऱ्याने ती मानली. कारण अर्जदाराचं नाव कागदावर होतं, लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटीस गेली होती आणि मोजणीवाले साहेब आले तेव्हा शेजारी स्वतः त्यांच्याबरोबर धुऱ्यावरून चालला. जिथे दगड रोवला तिथे दोघेही हजर होते.

धोरणाच्या अभ्यासाकडून मी एवढंच मागते आहे. पैसा कुणाचाही असो, त्याचं नाव पहिल्या पानावर, ज्याच्याकडून माहिती घेतली त्याला कळेल अशा भाषेत. आणि पायलटमधून मुख्य फेरीत येताना कुठले प्रश्न गळाले त्यांची यादी अहवालाला जोडलेली. हे अवघड नाही. दोन्ही प्रश्नावल्या संगणकावर पडून असतातच.

यंदा उन्हाळ्यात एका नव्या कामाचं बोलावणं आलं तेव्हा मी एजन्सीला सांगितलं, संमतीच्या मजकुरात पैसे देणाऱ्याचं नाव घाला, नाहीतर मी फॉर्म भरणार नाही. त्यांनी आठ दिवस घेतले. मग एक ओळ वाढली. माझ्याबरोबरच्या पोरी आता ती ओळ वाचतात. कुणी विचारतं, बहुतेक जण नाही विचारत.

त्याच कामाच्या वाटेवर मी आजींकडे गेले. मला ओळखायला थोडा वेळ लागला त्यांना, मग म्हणाल्या, "ती सोयाबीनच्या सालची बाई." मी ओट्यावर बसले आणि सांगितलं, आजी, तुम्ही त्या वेळी विचारलं होतं ना, संस्थेला पैसे कोण देतं. मग त्या समूहाचं नाव सांगितलं, त्यांचीच विमा कंपनी आहे हेही सांगितलं आणि विम्याचे सहा प्रश्न गळाले तेही.

आजी बराच वेळ दाराच्या चौकटीकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. तिच्यात २०१९ ची विम्याची पावती, घडीवर फाटलेली, आणि नातवाच्या वहीचं एक पान. पानावर तारखा आणि त्यांच्यापुढे फोन लावल्याच्या वेळा. पहिली वेळ सकाळची ६:४०.

"टॅब न्हाई आणला का आज?"

म्हटलं, यात ते प्रश्न नाहीत आजी.

"मग वहीत लिही," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या तारखेपासून सांगायला लागल्या.