गेला तो!

भाचा पणजीत कॉलेजला आहे. परवा तिथल्या मळा भागातल्या त्याच्या खोलीवर डबा पोचवायला गेले, तर मलाच जेलाटो, म्हणजे इटलीकडचं आइस्क्रीम, खायला घेऊन गेला. काचेआड स्टीलची लांबट भांडी ओळीनं मांडलेली. दुकानातल्या मुलीनं गोळे काढायच्या चमच्याला हातच लावला नाही. चपट्या कालथ्यानं, पावाला लोणी फासावं तसा, तिनं तो कपात फासला. मी पिस्ता मागितला होता. आला तो मळकट, शेवाळी. "जुना तर नसेल ना रे?" मी हळूच विचारलं. "मावशी, खऱ्या पिस्त्याचा रंग असाच असतो," भाचा म्हणाला. म्हणजे लग्नाच्या पंगतीत आजवर खाल्लेला हिरवागार पिस्ता बाटलीतला होता तर.

चव मात्र जिभेवर ठेवताक्षणी लागली. आइस्क्रीमचे पहिले दोन चमचे जीभ बधिर करण्यातच जातात. ते साधारण उणे 18 अंशांवर ठेवलेलं असतं, जेलाटो त्याहून चारपाच अंश कमी गार. शिवाय त्यात दूध जास्त आणि साय कमी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे आइस्क्रीममध्ये निदान 10 टक्के दुधाची स्निग्धता हवी. जेलाटोचं सहसा त्याहून कमीवर भागतं. त्यामुळे जिभेवर तुपाचा लेप बसत नाही आणि पिस्ता पिस्त्यासारखा लागतो. (वनस्पती तेलातलं 'फ्रोझन डेझर्ट' डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहून विकतात, ते या दोघांच्याही पंगतीला बसवू नये.)

खरी गंमत हवेची आहे. आइस्क्रीम घुसळताना त्यात भरपूर हवा भरतात. एक लिटर आइस्क्रीम निदान 525 ग्रॅम भरलं पाहिजे, असं आपला नियम सांगतो. मूळ मिश्रण लिटरला किलोच्या वर भरतं, तेव्हा निम्मा डबा हवा विकली तरी कायदा काही बोलत नाही. आता कळलं, आइस्क्रीमच्या डब्यावर मिलिलिटर का लिहितात ते! जेलाटो सावकाश घुसळतात, त्यात हवा बेताची, म्हणून तो कपात जड लागतो. किमतीलाही जड, पण पैसे भाच्यानं दिले.

खाताना मला आठवला तो म्हार्दोळला आजोळी असलेला आइस्क्रीमचा लाकडी पॉट. मे महिन्यात मामा मासळीवाल्यांच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचा. ती गोणपाटात घालून मुसळानं फोडायची, मधल्या डब्याभोवती बर्फाचा एक थर, मिठागरातल्या खड्या मिठाचा एक थर. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खाली उतरतो, हे शाळेत कळायच्या आधी आम्हाला बोटांना कळलं होतं. मग पाळीपाळीनं दांडा फिरवायचा. मिश्रण घट्ट होत आलं की दांडा आमच्यानं हलेना, तेव्हा मोठी माणसं उठत. त्या हळू फिरण्यात हवा ती कितीशी शिरणार? आणि फ्रीझर नसल्यामुळे मानकुराद आंब्याचं ते आइस्क्रीम मऊ असतानाच खाऊन संपायचं. साय मात्र आजी हात सैल सोडून घालायची, त्यामुळे त्याला जेलाटो म्हटलेलं इटलीवाल्यांना चालणार नाही. आजीलाही चाललं नसतं.

निघताना भाच्यानं माझ्या आईसाठी अर्धा किलो बांधून दिला. मी तो रिकाम्या डब्याच्या पिशवीत टाकला आणि फोंड्याच्या बसमध्ये बसले. मे महिन्यातली दुपार, तीस किलोमीटर, त्यात बाणस्तारीला गाडी रेंगाळली. घरी पोचून झाकण काढलं, तर आत शेवाळी बासुंदी. आईनं खोक्यावरचं इंग्रजी नाव एकेक अक्षर लावत वाचलं, "गे-ला-टो". मग आत डोकावली. "गेला तो!"

मी शहाणपणानं तो फ्रीझरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा चिरा झाला होता, वर बर्फाची कचकच. विरघळून पुन्हा गोठताना पाण्याचे खडे मोठे होतात आणि होती नव्हती ती हवाही निघून जाते. माझा चमचा वाकला.

"विळी आणू काय?" आई म्हणाली.

शेवटी तिनंच तो गार दुधात सोडला, रवीनं घुसळला आणि दोन पेले भरले. एक घोट घेऊन तिनं पेला उजेडात धरला.

"चव बरी आहे गो. रंग तेवढा धड नाही."